असिसीच्या अकिंचनाचा वारसा

इटलीच्या उंब्रिया प्रांतातील असिसी हे नगर डोंगरउतारावर वसलेले आहे. त्याच्या पायथ्याशी, सखल मैदानात, 'देवदूतांची माता मारिया' हिच्या नावाचे एक प्रचंड महामंदिर उभे आहे. १५६९ मध्ये त्याचा पाया घातला गेला आणि ते पूर्ण होण्यास १६७९ साल उजाडले. सव्वाशे मीटरच्या आसपास लांबी, रुंद दालने आणि आकाशात चढत गेलेला घुमट. या घुमटाच्या बरोबर खाली, संगमरवरी फरशीवर, ओबडधोबड दगडांचे एक चिमुकले चॅपेल आहे. चार मीटर रुंद आणि सात मीटर लांब एवढाच त्याचा पसारा. 'पोर्झिउंकोला' हे त्याचे नाव. त्याचा अर्थच मुळी 'जमिनीचा लहानसा तुकडा' असा होतो.

आठशे वर्षांपूर्वी येथे महामंदिर नव्हते. होते ते केवळ हे पडके चॅपेल, सभोवती रान आणि त्या रानात कुडाच्या काही झोपड्या. त्या झोपड्यांत अनवाणी राहणाऱ्या माणसांच्या म्होरक्याने आपल्या सोबत्यांना बजावून ठेवले होते, की या जगात आपल्या मालकीचे म्हणून काहीही असता कामा नये. जमीन नको, घर नको, पैसा तर नकोच नको. त्या म्होरक्याचे नाव फ्रान्सिस. ख्रिस्ती जग त्यांना असिसीचे संत फ्रान्सिस म्हणून ओळखते. साध्या चॅपेलवर उभारलेले हे महामंदिर म्हणजे त्यांच्या वारशाचे जणू चित्रच आहे. ज्याने काहीही आपले म्हणून ठेवले नाही, त्याचा वारसा जपायचा कसा, या प्रश्नाने त्यांच्या अनुयायांना शतकानुशतके छळले. त्यासाठी काही जण तुरुंगात गेले, काहींना जाळण्यात आले आणि त्या संघर्षाचा एक धागा थेट आपल्या ठाण्यापर्यंत येऊन पोहोचला.

कापडाच्या पेढीतून

फ्रान्सिस यांचा जन्म ११८१ किंवा ११८२ चा. वडील पीएत्रो दी बर्नार्दोने हे असिसीतील सधन कापड व्यापारी. मुलाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा नाव ठेवले होते जोव्हान्नी. मात्र व्यापारानिमित्त फ्रान्सला जाणे-येणे असलेल्या पित्याने त्याला 'फ्रान्चेस्को' म्हणजे 'फ्रान्सवाला' म्हणण्यास सुरुवात केली आणि तेच नाव कायम झाले. वडिलांच्या पेढीवर बसणारा, मित्रांवर सढळ हाताने खर्च करणारा, गाण्याबजावण्याचा शौकीन आणि सरदार होण्याची स्वप्ने पाहणारा हा तरुण होता.

तो काळ उत्तर आणि मध्य इटलीतील नगरराज्यांच्या उदयाचा होता. व्यापारामुळे हातात पैसा खेळू लागला होता. जुने सरंजामदार आणि नवे श्रीमंत यांच्यात झगडा सुरू होता. शेजारची नगरे एकमेकांवर तुटून पडत होती. १२०२ मध्ये असिसी आणि पेरुजिया यांच्यात कोल्लेस्त्रादा येथे झालेल्या लढाईत फ्रान्सिस शत्रूच्या हाती सापडले आणि सुमारे वर्षभर कैदेत पडले. सुटून आल्यावर दीर्घ आजारपण भोगावे लागले. तरीही १२०५ मध्ये ते पुन्हा चिलखत चढवून दक्षिणेकडील मोहिमेवर निघाले. परंतु स्पोलेतो येथूनच माघारी फिरले. मनात काही तरी उलथापालथ सुरू झाली होती.

या बदलाचा उगम फ्रान्सिस यांनी स्वतः आपल्या मृत्युपत्रात सांगून ठेवला आहे. तो दिव्य दर्शनात नाही किंवा ग्रंथवाचनातही नाही. तो कुष्ठरोग्यांच्या भेटीत आहे. त्या काळी कुष्ठरोग्यांना गावाबाहेर राहावे लागे. कोणी जवळ येऊ नये म्हणून त्यांनी आवाज करीत चालावे, अशी रीत होती. त्यांच्याकडे पाहणेही फ्रान्सिस यांना असह्य होई. एके दिवशी मात्र ते त्यांच्यात गेले, त्यांची सेवा केली आणि जे कडू वाटत होते तेच गोड झाल्याचा अनुभव त्यांना आला. पुढे त्यांच्याकडे येणाऱ्या अनेक तरुणांचा पहिला धडा हाच असे.

असिसीबाहेरील सान दामियानोच्या मोडकळीस आलेल्या चर्चमध्ये प्रार्थना करीत असताना, क्रुसावरील ख्रिस्त आपले घर सावरण्यास सांगत असल्याचा भास त्यांना झाला. त्यांनी त्याचा अगदी सरळ अर्थ घेतला. पेढीवरचे कापड उचलले, फोलिन्यो येथील बाजारात ते घोड्यासकट विकले आणि पैसे चर्चच्या धर्मगुरूपुढे ठेवले. धर्मगुरूने ते नाकारले. संतापलेल्या पित्याने मुलाला घरात कोंडले. आईने सोडविले. अखेर प्रकरण बिशप ग्विदो यांच्यासमोर गेले. तेथे १२०६ मध्ये, भरल्या लोकांत, फ्रान्सिस यांनी उरलेले पैसे तर परत केलेच. शिवाय अंगावरचे कपडेही उतरवून पित्याच्या पुढ्यात ठेवले. यापुढे आपला पिता एकच, तो स्वर्गातील, असे त्यांनी जाहीर केले. बिशपनी आपल्या झग्यात त्यांना झाकून घेतले.

ही घटना चित्रकारांनी पुढे असंख्य वेळा रंगविली. मात्र त्यातील वेदना अनेकदा नजरेआड होते. एका पित्याने त्या दिवशी मुलगा गमावला होता. त्या बापलेकांत पुढे समेट झाल्याची नोंद कुठेही आढळत नाही.

धाकटे बंधू

यानंतर फ्रान्सिस यांनी पडकी चर्चे स्वतःच्या हातांनी दुरुस्त करण्यास घेतली. हळूहळू सोबती मिळाले. त्यांत बर्नार्दो नावाचे धनिक होते, पीएत्रो कत्तानी हे शिकलेले गृहस्थ होते. ही मंडळी बारा झाली तेव्हा, १२०९ च्या सुमारास, ते सारे रोमला गेले आणि पोप इनोसंट तिसरे यांच्याकडे आपल्या जीवनपद्धतीला मान्यता मागितली. पोपनी ती तोंडी दिली. दारिद्र्याची शिकवण देणारे इतरही गट त्या काळी युरोपात होते आणि त्यांतील काहींना चर्चने पाखंडी ठरविले होते. असिसीची ही मंडळी मात्र चर्चशी भांडत नव्हती. ती केवळ आपल्यापुरती वेगळी जगत होती.

त्यांनी स्वतःला नाव घेतले 'धाकटे बंधू'. हे नाव केवळ विनयापोटी आलेले नव्हते. असिसीच्या समाजात उमराव व धनिक हे 'थोरले' आणि सामान्य जन हे 'धाकटे' अशी उघड विभागणी होती. व्यापाऱ्याच्या मुलाने धाकट्यांची बाजू घेतली, हे त्या नावातून गावाला कळत होते. फ्रान्सिस यांनी धर्मगुरूपदाची दीक्षा अखेरपर्यंत घेतली नाही. ते त्याखालच्या डीकन या पायरीवरच राहिले.

धाकट्या बंधूंचे नियम कडक होते. हाताने काम करावे, मोबदल्यात अन्न घ्यावे, काम न मिळाल्यास दारोदार भिक्षा मागावी. परंतु नाण्याला स्पर्श करू नये. एका आख्यानानुसार, बिशपनी या कठोरपणाबद्दल काळजी व्यक्त केली असता फ्रान्सिस यांनी साधे उत्तर दिले. मालमत्ता बाळगली की तिच्या रक्षणासाठी शस्त्रे लागतात, खटले चालवावे लागतात आणि मग शेजाऱ्यावर प्रेम करणे अवघड होऊन बसते, असा त्याचा आशय होता. नगरानगरांतील लढाया पाहिलेल्या आणि कैद भोगलेल्या माणसाचे हे उत्तर होते. त्यांच्या दारिद्र्यव्रताचे मूळ देहदंडाइतकेच या अनुभवात होते.

पोर्झिउंकोलाचे चॅपेल बेनेडिक्टाइन मठाच्या मालकीचे होते. मठाधिपतींनी ते वापरण्यास दिले, तेव्हा फ्रान्सिस यांनी ते दान म्हणून स्वीकारले नाही. दरवर्षी टोपलीभर मासे भाडे म्हणून मठाकडे पोहोचविण्याचा परिपाठ त्यांनी घातला. जागा आपली नाही, याचा विसर पडू नये, हा त्यामागील हेतू होता.

१२१२ मध्ये असिसीच्या एका उमराव घराण्यातील क्लेअर ही तरुणी रात्री घर सोडून पोर्झिउंकोला येथे आली. फ्रान्सिस यांनी तिचे केस कापून तिला व्रतस्थ जीवनाची दीक्षा दिली. सान दामियानोत स्थिरावलेल्या या संत क्लेअर यांनी दारिद्र्याचा आग्रह फ्रान्सिस यांच्याइतकाच, किंबहुना अधिक काळ लढविला. आपल्या भगिनींना मालमत्ता न बाळगण्याचा हक्क मिळावा म्हणून त्या पोपपुढे वर्षानुवर्षे अडून बसल्या. त्यांच्या नियमावलीला पोपची संमती मिळाली ती १२५३ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या दोनच दिवस आधी.

सुलतानाच्या छावणीत

१२१९ मध्ये पाचवे धर्मयुद्ध ऐन भरात होते. ख्रिस्ती सैन्याने इजिप्तमधील दमिएट्टा या बंदराला वेढा घातला होता. फ्रान्सिस तेथे पोहोचले आणि इल्लुमिनातो या सोबत्यासह, हाती शस्त्र न घेता, युद्धरेषा ओलांडून सुलतान अल कामिल याच्या छावणीत गेले. हा सुलतान म्हणजे प्रख्यात सलाउद्दीनचा पुतण्या. दोघांत नेमके काय बोलणे झाले, याविषयी नंतरच्या चरित्रकारांनी बरेच रंग भरले. अग्निपरीक्षेच्या आव्हानाची कथा त्यातलीच. निश्चित आहे ते एवढेच, की फ्रान्सिस यांना आपल्या श्रद्धेविषयी बोलू देण्यात आले आणि सुलतानाने त्यांना सुखरूप परत पाठविले. त्या वेळी तेथे असलेल्या जाक द व्हित्री या बिशपने या भेटीची नोंद करून ठेवली आहे.

सुलतानाचे धर्मांतर झाले नाही आणि युद्धही थांबले नाही. परंतु परतल्यावर १२२१ मध्ये सिद्ध झालेल्या नियमावलीत फ्रान्सिस यांनी मुस्लिमांच्या प्रदेशात जाणाऱ्या बंधूंसाठी एक प्रकरण घातले. तेथे दोन प्रकारे राहता येईल, असे त्यात सांगितले आहे. पहिला प्रकार म्हणजे वादविवाद न करता, सर्वांच्या अधीन राहून, आपण ख्रिस्ती आहोत एवढे सांगत जगणे. दुसरा म्हणजे देवाची इच्छा दिसेल तेव्हा उपदेश करणे. धर्मयुद्धाच्या काळात हा क्रम लक्षणीय होता.

संघ वाढला, संस्थापक बाजूला झाला

एव्हाना बारा जणांचा संघ काही हजारांवर गेला होता. त्यात विद्वान आले, धर्मगुरू आले. त्यांना ग्रंथ हवे होते, अभ्यासासाठी इमारती हव्या होत्या. पोर्झिउंकोला येथे असिसीच्या नागरिकांनी बंधूंसाठी पक्के घर बांधले, तेव्हा फ्रान्सिस स्वतः छपरावर चढून कौले खाली फेकू लागले. ही इमारत नगराच्या मालकीची आहे, असे सांगितल्यावरच ते थांबले. १२२० मध्ये त्यांनी संघाचे प्रमुखपद सोडले आणि पीएत्रो कत्तानी यांच्या आज्ञेत राहणे पत्करले. आपण उभ्या केलेल्या संस्थेत ते आता एक साधे बंधू उरले होते.

२९ नोव्हेंबर १२२३ रोजी पोप होनोरियस तिसरे यांनी संघाच्या अंतिम नियमावलीला मान्यता दिली. ती आधीच्या नियमावलीपेक्षा आटोपशीर आणि कायदेशीर भाषेतील होती. त्याच वर्षी नाताळच्या रात्री ग्रेच्चो या डोंगरी गावात फ्रान्सिस यांनी गव्हाणी, गवत, बैल आणि गाढव आणवून येशूजन्माचा देखावा उभा केला. देव गोठ्यात जन्मला म्हणजे काय, हे त्यांना गावकऱ्यांच्या डोळ्यांना दाखवायचे होते. आज वसईपासून गोव्यापर्यंत घरोघरी नाताळात गोठे मांडले जातात. या प्रथेच्या लोकप्रियतेचे श्रेय बव्हंशी ग्रेच्चोच्या त्या रात्रीला दिले जाते.

सप्टेंबर १२२४ मध्ये ला व्हेर्ना पर्वतावर उपवास करीत असताना त्यांच्या हातापायांवर आणि कुशीत ख्रिस्ताच्या जखमांसारखे व्रण उमटल्याचे सांगितले जाते. फ्रान्सिस यांनी ते हयातीत झाकूनच ठेवले. प्रकृती ढासळत चालली होती. डोळ्यांच्या विकाराने दृष्टी जवळजवळ गेली होती. उपाय म्हणून वैद्यांनी तापलेल्या लोखंडाने कानशिलाजवळ डाग दिले. याच काळात, १२२५ मध्ये, सान दामियानोच्या परिसरात अंधारात पडून असताना त्यांनी लॅटिनमध्ये नव्हे, तर उंब्रियातील लोकांच्या बोलीत सृष्टीचे स्तोत्र रचले. त्यात सूर्य भाऊ झाला, चंद्र आणि पाणी बहिणी झाल्या, पृथ्वी बहीण आणि माता दोन्ही झाली. इटालियन भाषेतील आद्य काव्यांत त्याची गणना होते. सूर्यप्रकाश सोसत नसलेल्या माणसाने सूर्याचे गुण गावेत, हा त्यातील सर्वांत हृद्य भाग आहे.

हे स्तोत्र कामालाही आले. असिसीचे बिशप आणि नगरप्रमुख यांच्यात वैर पेटले होते. बिशपनी बहिष्कार घातला, तर नगरप्रमुखांनी त्यांच्याशी व्यवहार करण्यास बंदी केली. आजारी फ्रान्सिस यांनी क्षमेविषयीचे एक नवे कडवे रचले आणि दोघांसमोर ते गाण्यास आपल्या बंधूंना पाठविले. दोघांचा समेट झाला. अखेरचे कडवे मृत्यूविषयी होते. त्यात मृत्यूही बहीण झाला.

३ ऑक्टोबर १२२६ च्या सायंकाळी पोर्झिउंकोलापाशी त्यांचे निधन झाले. तत्पूर्वी त्यांनी स्वतःला उघड्या जमिनीवर ठेवण्यास सांगितले. अंगावरचे वस्त्रही त्यांनी उसने म्हणूनच स्वीकारले. मात्र या विरक्ताच्या मृत्युशय्येवरील एक गोष्ट त्यांना अधिक जवळचे करते. रोममधील जाकोपा या विधवा स्नेही स्त्रीच्या हातची बदामाची मिठाई खाण्याची इच्छा त्यांना झाली होती. निरोप जाण्यापूर्वीच ती मिठाई घेऊन जाकोपा दारात हजर झाल्या, असे त्यांच्या सोबत्यांनी लिहून ठेवले आहे.

वापर आणि मालकी

पुढच्या घडामोडी वेगाने झाल्या. १६ जुलै १२२८ रोजी, म्हणजे मृत्यूनंतर दोन वर्षांच्या आतच, पोप ग्रेगरी नववे यांनी त्यांना संत घोषित केले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या स्मरणार्थ असिसीत भव्य महामंदिराची कोनशिला बसविली. बांधकामाची सूत्रे एलिया या बंधूंकडे होती. १२३० मध्ये फ्रान्सिस यांचा देह तेथे आणून इतक्या खोल दडविण्यात आला, की कोणी तो चोरून नेऊ शकू नये. तो पुन्हा सापडण्यास १८१८ साल उजाडावे लागले.

फ्रान्सिस यांनी आपल्या मृत्युपत्रात बंधूंना बजावले होते, की नियमावलीच्या शब्दांना पळवाटा काढणारे अर्थ चिकटवू नका. परंतु ज्यांचा संघाशी जुना स्नेह होता, त्याच ग्रेगरी नववे यांनी १२३० मध्ये निर्णय दिला, की हे मृत्युपत्र संघावर कायद्याने बंधनकारक नाही. मग मार्ग निघाला तो असा: बंधू घरे, चर्चे, ग्रंथ वापरतील, मालकी मात्र त्यांची नसेल. १२४५ मध्ये पोप इनोसंट चौथे यांनी ही मालकी पोपच्या पीठाकडे घेतली आणि १२७९ मध्ये पोप निकोलस तिसरे यांनी या व्यवस्थेवर शिक्कामोर्तब केले. कागदावर धाकटे बंधू पूर्वीइतकेच अकिंचन राहिले.

प्रत्यक्षात संघात दोन तट पडले. एक गट म्हणे, एवढ्या मोठ्या संघाला इमारती आणि साठा अपरिहार्य आहे. दुसरा गट म्हणे, मालकी कोणाचीही असो, वापर गरिबासारखाच हवा. झगा किती आखूड असावा, धान्याची कोठारे आणि मद्याची तळघरे ठेवावीत का, हे वरकरणी किरकोळ वाटणारे प्रश्न जिवावर बेतले. ७ मे १३१८ रोजी फ्रान्समधील मार्सेय येथे चार धाकट्या बंधूंना, पोपची याबाबतची आज्ञा मानण्यास नकार दिल्यावरून, जिवंत जाळण्यात आले.

१३२२ मध्ये पोप जॉन बाविसावे यांनी ती जुनी व्यवस्थाच मोडीत काढली. त्यांचा युक्तिवाद व्यवहारी होता. घर वापरून परत करता येते, पण भाकरी खाल्ली की संपते. जी वस्तू वापरताच नष्ट होते, तिचा वापर आणि मालकी वेगळी कशी काढणार? आणि जी मालकी पोपला काहीच देत नाही, तिला अर्थ तरी काय? पुढच्याच वर्षी, ख्रिस्त आणि त्याच्या शिष्यांकडे काहीही मालमत्ता नव्हती, असा आग्रह धरणे हे पाखंड असल्याचे त्यांनी जाहीर केले. संघप्रमुख मिकेले आणि विख्यात तत्त्वज्ञ ओकॅमचे विल्यम हे १३२८ मध्ये पोपच्या आव्हिन्यों येथील दरबारातून रातोरात पळून गेले. मालमत्ता म्हणजे काय, वापराचा हक्क म्हणजे काय, याची बारीक चिकित्सा या वादात झाली. पुढील काळातील युरोपीय विधिविचारावर तिचा ठसा उमटला, असे अनेक अभ्यासक मानतात.

ठाण्यातील चार बंधू

या वादाची झळ सोसलेल्यांत तोलेन्तिनो गावचे तोमास हे बंधू होते. दारिद्र्याच्या कडव्या आग्रहापायी आपल्याच संघाने त्यांना तुरुंगात टाकले होते. सुटकेनंतर १२९० च्या सुमारास ते आर्मेनियाकडे रवाना झाले आणि उरलेले आयुष्य त्यांनी पूर्वेकडील प्रवासात घालविले. १३२१ मध्ये पादुआचे जाकोमो, सिएनाचे पीएत्रो आणि तिफ्लिसचे देमेत्रियो या बंधूंसह ते समुद्रमार्गे भारतात आले. त्यांना केरळातील कोल्लम गाठायचे होते. परंतु गलबत ठाण्याला लागले. तेथे नेस्तोरियन पंथाच्या ख्रिस्ती कुटुंबाने त्यांना आसरा दिला. ठाणे तेव्हा दिल्लीच्या सुलतानीच्या अमलाखाली होते. स्थानिक काझीसमोर धर्माविषयी वाद झडला आणि त्याचे पर्यवसान चौघांच्या हत्येत झाले. त्यांच्या सोबत आलेले, परंतु त्या वेळी ठाण्यात नसलेले डोमिनिकन संघाचे जोर्दानस यांनी त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. काही काळाने ओडोरिक हे धाकटे बंधू तेथे आले आणि त्यांनी या चौघांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या. १३३० मध्ये त्यांनी सांगितलेल्या प्रवासवर्णनात हा सारा वृत्तांत आला आहे. चौदाव्या शतकातील ठाण्याची वर्णने मुळात मोजकी असल्याने इतिहासकारांनाही तो मोलाचा वाटतो.

सोळाव्या शतकात फ्रान्सिस यांचे अनुयायी पुन्हा या किनाऱ्यावर आले, तेव्हा परिस्थिती अगदी निराळी होती. १५१७ मध्ये ते गोव्यात उतरले ते पोर्तुगीज सत्तेच्या छत्राखाली. बार्देश प्रांत त्यांच्याकडे धर्मप्रसारासाठी सोपविण्यात आला. तेथील मंदिरे पाडण्याच्या मोहिमेतही त्यांचा हात होता. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर येथील शैव लेण्यांचे त्यांनी चर्चमध्ये रूपांतर केले आणि वर मठ बांधला. त्याचे भग्नावशेष आजही दिसतात. त्याच संघातील गास्पार द सांव मिगेल यांनी कोकणी भाषेचे व्याकरण रचले, हेही तितकेच खरे. निःशस्त्र सुलतानाकडे जाणाऱ्या संस्थापकाचे नाव घेणारे लोक राजसत्तेच्या आधाराने वावरू लागले होते. दारिद्र्याच्या वादापेक्षाही ही तफावत अधिक खोल होती.

वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया मात्र संस्थापकाच्या पाऊलवाटेच्या अधिक जवळचे. पोर्तुगीज पिता आणि स्थानिक माता यांचा हा पुत्र जपानमध्ये व्यापारात स्थिरावला होता. तो सोडून मनिला येथे ते साधे बंधू म्हणून संघात दाखल झाले. त्यांनीही धर्मगुरूपद घेतले नाही. जपानी भाषेच्या ज्ञानामुळे दुभाषा म्हणून जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मारले गेले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. भारतात जन्मलेले ते पहिले संत.

आख्यायिका आणि इतिहास

फ्रान्सिस यांच्याविषयी सर्वाधिक प्रसिद्ध असलेल्या काही गोष्टी त्यांच्या नाहीत, हे येथे नमूद करावयास हवे. गुब्बियो गावाला त्रस्त करणाऱ्या लांडग्याला त्यांनी माणसाळविल्याची गोड कथा चौदाव्या शतकातील संग्रहात आढळते. जगभर त्यांच्या नावाने म्हटली जाणारी शांतीची प्रार्थना तर १९१२ मध्ये एका फ्रेंच नियतकालिकात प्रथम छापली गेली, आणि तीही लेखकाच्या नावाविना. चरित्रांचा इतिहासही सरळ नाही. १२६६ मध्ये संघाने बोनाव्हेंतुरा यांनी लिहिलेले चरित्र अधिकृत ठरवून आधीची सर्व चरित्रे नष्ट करण्याचा ठराव केला. चेलानोचे तोमास यांनी मृत्यूनंतर दोन-तीन वर्षांतच लिहिलेले पहिले चरित्र वाचले, ते मुख्यतः इतर संघांच्या मठांत त्याच्या प्रती राहिल्यामुळे. वारसा जपण्याच्या नादात तो पुसलाही जाऊ शकतो, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

आठशे वर्षांनंतर

आज धाकट्या बंधूंच्या तीन शाखा आहेत. १५१७ मध्ये संघ अधिकृतरीत्या दुभंगला आणि १५२८ मध्ये कापुचिन ही तिसरी शाखा निघाली. प्रत्येक वेळी फुटून निघणाऱ्यांचे म्हणणे एकच होते, की आपल्याला मूळच्या साधेपणाकडे परत जायचे आहे.

संघाबाहेर फ्रान्सिस यांचे नाव नव्या कारणांनी घेतले जाऊ लागले. १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना पर्यावरण जतन करणाऱ्यांचे आश्रयदाते संत घोषित केले. २७ ऑक्टोबर १९८६ रोजी याच पोपच्या निमंत्रणावरून विविध धर्मांचे प्रतिनिधी शांतीच्या प्रार्थनेसाठी असिसीत एकत्र आले. १९९७ च्या भूकंपात महामंदिराचे छत कोसळून चौघे मृत्युमुखी पडले आणि जुन्या भित्तिचित्रांचे तुकडे तुकडे झाले. ते तुकडे वेचून जोडण्याचे काम पुढे वर्षानुवर्षे चालले. २०१३ मध्ये अर्जेंटिनाचे कार्डिनल बेर्गोलिओ पोप झाले, तेव्हा त्यांनी 'फ्रान्सिस' हे नाव धारण केले. हे नाव घेणारे ते पहिलेच पोप. २०१५ चे त्यांचे पर्यावरणविषयक परिपत्रक सृष्टिस्तोत्रातील शब्दांनीच ओळखले जाते. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी इटलीच्या संसदेने ४ ऑक्टोबर हा संत फ्रान्सिस यांचा दिवस पुन्हा राष्ट्रीय सुटीचा करण्याचा कायदा संमत केला. ३ ऑक्टोबर २०२६ हा त्यांच्या निधनाचा आठशेवा स्मृतिदिन.

राष्ट्रीय सुटी, पोपचे नाव, महामंदिरांची रांग: स्वतःला 'धाकटा' म्हणविणाऱ्याच्या वाट्याला आलेला हा थोरपणा त्यांना रुचला असता का, हा प्रश्न त्यांच्या अनुयायांनीच वारंवार विचारला आहे. त्यांच्या वारशातील सर्वांत जिवंत भाग कदाचित हा प्रश्नच असावा. ग्रेगरी नववे यांनी बंधनकारक नसल्याचे ठरविलेले ते मृत्युपत्र बंधू आजही वाचतात. त्याची सुरुवात अजूनही कुष्ठरोग्यांपासूनच होते.